साडेपाच लाखांची खारी

स्वयंपाक-बेकरीच्या कोर्सचा हा रिव्ह्यू लिहायला उशीर झालाय, मान्य आहे. पण कोर्स संपल्या संपल्या लिहिला असता तर पाच स्टार दिले असते आणि हॉटेलात लागल्यावर दुसऱ्या महिन्यात लिहिला असता तर एकही दिला नसता. आता डोकं थंड आहे, पायांची सूजही उतरलीय, म्हणून आत्ता लिहितेय. साडेतीन स्टार. इन्स्टिट्यूटचं नाव लिहीत नाहीये कारण डिपॉझिटवरून आमचं अजून फाटलेलंच आहे, ते शेवटी सांगते. मुंबईतलंच आहे, प्रायव्हेट, नऊ महिन्यांचा डिप्लोमा, त्यातले सहा महिने शाळेत आणि तीन महिने कुठल्या तरी हॉटेलात ट्रेनिंग. असल्या सगळ्या ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच असतं, त्यामुळे नावाने तसंही काही अडत नाही.

मी डोंबिवलीची. एका प्रायव्हेट बँकेत लोन प्रोसेसिंगला तेरा वर्षं काढली, हातात ६२ हजार यायचे, वय तेव्हा ३६. काम वाईट नव्हतं हो, फक्त रोज तेच, फाइल उघडा, सॅलरी स्लिपा बघा, सिबिल बघा, शेरा मारा, पुढची उघडा. लॉकडाऊनमध्ये अख्ख्या जगाने केक केले तसे मीही केले, मग सोसायटीतल्या बायका ऑर्डरी द्यायला लागल्या आणि "अगं तू कॅफेच काढ" हे मी इतक्यांदा ऐकलं की मला ते खरंच वाटायला लागलं. फुकट वाटलेल्या केकचं कौतुक कोण करत नाही, पण हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

काउन्सेलिंगला गेले तर तिथली मुलगी म्हणे मॅम सीट्स दोनच राहिल्यात. (बॅच सोळाची होती, शेवटपर्यंत चौदाच जण होतो.) भिंतीवर मोठमोठ्या शेफचे फोटो, काचेपलीकडे पांढऱ्या कोटातली पोरं कणीक मळतायत, सगळीकडे बटरचा वास. त्या वासावर मी चेक फाडला. फी साडेचार लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८१ हजार, चाकूंचा सेट, दोन कोट आणि सेफ्टी शूज मिळून २२ हजार, वर डिपॉझिट दहा हजार. एकूण ५ लाख ६३ हजार. ही जीएसटीची गोष्ट काउन्सेलिंगमध्ये अगदी हळू आवाजात सांगतात, आधी विचारून घ्या.

आणि हो, सरकारी पर्याय आहे हे मला फी भरल्यानंतर कळलं, हसू नका. दादरचं केटरिंग कॉलेज, म्हणजे आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट), १९५४ पासून आहे, गुजराती लेखिका आणि राजकारणी लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने सुरू झालेलं. तिथे बारावीनंतर एन्ट्रन्स देऊन पोरं डिग्रीला जातात हे माहीत होतं पण अशा सरकारी इन्स्टिट्यूटमधून दहावी पासवाल्यांसाठी दीड वर्षाचा फूड प्रॉडक्शन आणि पॅटिसरीचा, म्हणजे स्वयंपाक आणि केक-पेस्ट्रीचा, क्राफ्ट कोर्सही चालतो, ट्रेनिंग धरून, आणि खासगीच्या मानाने फी काहीच नाही. वेळ असेल तर आधी तिकडे चौकशी करा. मला घाई होती, नऊ महिन्यांत आयुष्य बदलायचं होतं.

आता शाळेबद्दल. पहिला आठवडा फक्त चाकू. आणि इथे माझी जी गोची झाली ती आपल्याकडच्या पुष्कळ बायकांची होईल म्हणून नीट लिहिते. मी वीस वर्षं विळीवर कापत आले. विळीचं पातं एका जागी उभं असतं, भाजी हातात धरून आपण पात्याकडे नेतो, अंगठ्याला अंतराचा अंदाज असतो. चाकूत सगळं उलटं, भाजी जागेवर, पातं फिरणार, आणि डाव्या हाताची बोटं आत वळवून पेरांना पातं घासत न्यायचं. डोक्याला कळतं पण हात ऐकत नाही. माझा हात गाजर उचलून चाकूकडे न्यायचा! शेफ स्टीलची पट्टी घेऊन फिरायचे, ब्रुनवाज म्हणजे तीन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा, तीन म्हणजे तीन, चार झाला की बादलीत. पहिल्या दिवशी माझे सगळे बटाटे बादलीत गेले आणि दुसऱ्या दिवशी स्टाफच्या जेवणात आलू पराठे होते. शेजारचा एकवीस वर्षांचा पोरगा, घरी कधी चहासुद्धा केला नसेल, तो तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे. कारण त्याला विसरण्यासारखं काही नव्हतंच.

दुसरी गोष्ट चाखण्याची. आमच्या घरी सणाला नैवेद्य दाखवायच्या आधी चाखत नाहीत, आणि सणाचं जाऊ दे, आईने रोजच्या स्वयंपाकातही कधी चाखलं नाही, मीठ हाताच्या अंदाजाने आणि बाकी वासावरून. मी तशीच शिकले आणि मला त्याचा अभिमानच होता. तिथे शेफने पहिल्याच सॉसला विचारलं, चाखलं? मी म्हटलं नाही, अंदाज आहे मला. त्यांनी अख्खं भांडं सिंकमध्ये ओतलं. वाईट नव्हता झाला हो तो. पण म्हणाले तुझा अंदाज तुझ्या घरच्या चार माणसांचा आहे, इथे मीठ आज वेगळं, टोमॅटो आज वेगळा, माणसं दोनशे. त्या दिवसापासून कोटाच्या खिशात दोन चमचे. आजही घरी आमटी चाखते तेव्हा सासूबाई तोंड फिरवतात.

हे दोन्ही यूट्यूबवरून आलं नसतं. रेसिपी सगळ्या येतात, फ्रेंच स्वयंपाकातले पाचही मदर सॉस, म्हणजे मूळ सॉस, तिथे फुकट आहेत. पण व्हिडिओ आपली पातेली ओतून देत नाही. फी कशाची देतो याचं माझ्यापुरतं उत्तर असं की, दुसऱ्याच्या पैशाने घेतलेला माल नासवण्याची परवानगी आणि नासवताना डोक्यावर उभा असलेला माणूस. घरी किलोभर बटर वाया गेलं तर मी दुसऱ्यांदा ते करूनच बघितलं नसतं.

बटरवरून पफ पेस्ट्री. हे प्रकरण मोठं आहे. कणकेत बटरची लादी गुंडाळायची, लाटायची, तीन घड्या, मग थंड करायची, पुन्हा लाटा, पुन्हा तीन घड्या, असं सहा वेळा. तीनाचा सहावा घात म्हणजे ७२९ पदर. ओव्हनमध्ये गेल्यावर पदरांमधल्या पाण्याची वाफ होते, ती पदर वर उचलते, बटर त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, बस एवढंच विज्ञान. पण बटर फार गार असलं तर लाटताना फुटतं आणि मऊ झालं तर कणकेत जिरतं, मग पदर नाहीत, नुसतं जाड बिस्किट. लॅब १८ डिग्रीला गार केलेली असायची, तरी माझे पहिले चार प्रयत्न फसले. पाचव्याला ओव्हनच्या काचेतून बघत होते, अर्ध्या इंचाची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर तिप्पट झाली, अक्षरशः उभी राहिली, आणि मी तिथे ओरडले. बँकेत तेरा वर्षांत एकदाही ओरडले नव्हते.

डबा भरून घरी आणलं. इंपोर्टेड बटरची, ७२९ पदरांची, सोनेरी. सासूबाईंनी एक तुकडा चहात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाल्या, "छान झालीय गं खारी."

नवरा इतका हसला की ठसका लागला. तेव्हापासून आमच्या घरी कोर्सचं नाव हेच.

आता तक्रारी, कारण दीड स्टार उगाच नाही कापलेले. चौदा जणांत मोठे मिक्सर दोन, त्यातला एक कायम रिपेअरला. म्हणजे ब्रेडच्या दिवशी अर्धा वेळ रांगेत, आपण लोकलला उभे असतो तसे. ज्या शेफचं नाव दाखवून अॅडमिशन दिली ते तिसऱ्या महिन्यात सोडून गेले आणि त्यांच्या जागी जे आले ते स्वतःच वर्षभरापूर्वी तिथून पास झालेले. भारतीय स्वयंपाक एकूण दोन आठवडे, त्यात आपल्या महाराष्ट्राला एक दिवस! एका दिवसात मिसळ, भरली वांगी, कोल्हापुरी चिकन आणि पुरणपोळी. हँडआउटवर काळा मसाला आणि गोडा मसाला हे एकाच गोष्टीला दिलेलं नाव म्हणून छापलं होतं. मी हात वर केला, म्हटलं सर आमच्याकडे यावरून लग्नं मोडतील. त्यांनी नोट करून घेतलं, पुढच्या बॅचच्या पोरीकडे बघितलं तर तेच हँडआउट. बेशमेल, म्हणजे व्हाइट सॉस, मात्र सहा वेळा केला. मला असा एक माणूस दाखवा ज्याने डोंबिवलीत बेशमेल विकून घर चालवलंय.

प्लेसमेंट शंभर टक्के असं ब्रोशरवर होतं. प्लेसमेंट म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप, ज्यात नोकऱ्यांचे फॉरवर्ड येतात. शंभर टक्के लोकांना अॅड केलं होतं हे खरं आहे.

एका तासाबद्दल मात्र पूर्ण पाच स्टार, आणि तो तास सगळे बुडवायचे. शुक्रवारी दुपारचं कॉस्टिंग. एक रिटायर झालेले सर यायचे, हॉटेलात आयुष्य गेलेले, आवाज इतका बारीक की दुसऱ्या बाकावरच्याला ऐकू जायचं नाही. त्यांनी पहिल्या दिवशी एक किलो मटार आणला, ओल्या शेंगा. आम्हाला सोलायला लावल्या आणि दाणे वजन करायला लावले. चारशे ग्रॅम. म्हणाले शेंगा ८० रुपये किलोने आणल्या, तर मटार कितीला पडला? सगळे म्हणाले ८०. नाही हो, दोनशेला पडला, आणि सोलायला बसलेल्या माणसाचा पगार वेगळा. मग कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचे दांडे, चिकनची हाडं, सगळ्याचं असं. यील्ड टेस्ट म्हणतात त्याला. मी घरी येऊन माझ्या लॉकडाऊनच्या केकचा हिशोब मांडला, गॅस, लाइट, डबा, माझा वेळ, तर मी दर केकमागे साधारण नव्वद रुपये पदरचे घालत होते आणि वर खूश होते. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

मग ट्रेनिंग आणि पुढे नोकरी. इथे ज्यांना खरंच करिअर बदलायचंय त्यांनी सावकाश वाचा. किचनमध्ये पायऱ्या असतात, खाली कॉमी म्हणजे ज्युनिअर कुक, त्यात थ्री, मग टू, वन, मग सीडीपी म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख, मग सू शेफ म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा, ही सगळी रचना एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी बसवली. तो स्वतः लष्करात खानसामा राहिलेला, म्हणून सगळं फौजेसारखं आहे, आणि फौजेत ३६व्या वर्षी भरती झालेल्या शिपायाला कोणी सुभेदार करत नाही. तेरा वर्षांच्या अनुभवाची किंमत शून्य. ट्रेनिंगला महिना पाच हजार मिळाले, नंतर एका हॉटेलात कॉमी थ्री म्हणून साडेसोळा हजार. माझा सीडीपी २४ वर्षांचा, त्याला "येस शेफ" म्हणायचं, आणि तो चांगला पोरगा होता, मला "ताई" म्हणायचा आणि मग स्वतःच जीभ चावायचा.

ब्रेक शिफ्ट हा शब्द लिहून ठेवा. सकाळी अकरा ते चार, मग संध्याकाळी साडेसहा ते लोकांची जेवणं संपेपर्यंत. मधले अडीच तास तुमचे, असं म्हणतात. डोंबिवलीला जाऊन येणं शक्य नाही, त्यामुळे ते अडीच तास मी लॉकर रूममध्ये बटाट्याच्या पोत्याला टेकून झोपायचे. रात्री शेवटची कर्जत पकडायची म्हणून धावायचे. मुलगी तेव्हा चौथीत, आठवड्यातले सहा दिवस मी तिला फक्त झोपलेली बघायचे. शाळेत आम्ही चौदा जण मिळून चार प्लेट सॉस करायचो. इथे केओटीचं, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचं, मशीन एकदा कटकट करायला लागलं की तासभर थांबत नाही, मागून कोणी "पीछे गरम, पीछे गरम" ओरडत उकळता टोप घेऊन जातोय आणि तुम्ही वीस किलो कांद्यातल्या बाराव्या किलोवर आहात. तीन मिलिमीटरची पट्टी कोणी आणत नाही. पण एकसारखा नसला तर एकसारखा शिजत नाही, आणि तेवढ्यात तुमचा करपलेला ट्रे परत येतो. शाळा हात शिकवते, स्पीड शिकवत नाही. स्पीड पगारावर असतानाच येतो, आणि तो यायला मला सात महिने लागले, पोरांना दोन.

वर्षभर केलं. गुडघ्याने नाही म्हटलं तेव्हा सोडलं.

मग जे केलं ते खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. आमच्या इथल्या बेकरीत गेले, पाव-खारी-टोस्टवाली, कुठल्याही डोंबिवलीकराला अशी एक माहीत असते. मालकाला म्हटलं मला पहाटे येऊन खारी बघायचीय, पैसे नकोत. त्याला वाटलं मी फूड इन्स्पेक्टर आहे. तिथले उस्ताद उत्तर प्रदेशचे, चाळीसेक वर्षं हेच काम, लाकडी टेबल, एसी नाही, मे महिना. मी विचारलं बटर का नाही वापरत, मार्जरीन, म्हणजे वनस्पती तेलाचं बटर, का. त्यांनी माझ्याकडे अशी दया करून बघितलं. बटर ३२-३५ डिग्रीला पाणी होतं, आणि बेकरीत भट्टीशेजारी पहाटे चारलाच तेवढी हवा असते. पफचं मार्जरीन त्याहून चढ्या गरमीला वितळतं म्हणून ते तिथे टिकतं. बोटाने लादी दाबून बघायचे आणि सांगायचे, "अभी नहीं, अभी गुस्से में है." म्हणजे कणीक ताणलेली आहे, तिला पडू द्या. शाळेत यालाच ग्लूटन रिलॅक्स होणं म्हणून दोन स्लाइड होत्या. मला कबूल करायला हवं की त्या दोन स्लाइड बघितल्या नसत्या तर उस्ताद काय म्हणतायत ते मला कळलं नसतं. आणि उस्ताद भेटले नसते तर स्लाइड कशाबद्दल होत्या ते कळलं नसतं. दीड महिना पहाटे गेले. फुकट.

सध्या मी तुर्भ्याला एका सेंट्रल किचनमध्ये आहे, कॅफेंना माल पुरवतात ते. माझं काम कॉस्टिंग आणि नवीन आयटम बसवणं. पगार ४५ हजार, शिफ्ट आठ ते पाच, संध्याकाळी घरी. ही नोकरी कशी लागली तर इंटरव्ह्यूला पफच्या दोन पट्ट्या भाजून दाखवल्या आणि त्यांच्याच मेनूची एक्सेल शीट उघडून पनीर पफमागे त्यांचे किती जातायत ते काढून दाखवलं. एक्सेल बँकेचं, यील्ड त्या बारीक आवाजाच्या सरांची, पट्ट्या थोड्या शाळेच्या थोड्या उस्तादांच्या. सर्टिफिकेट त्यांनी मागितलं, बघितलं, फाइलला लावलं. नसतं तर इंटरव्ह्यूला बोलावलं असतं का? नसतं बोलावलं बहुतेक.

पैशांचं म्हणाल तर ५ लाख ६३ हजार फी वगैरे, नऊ महिने बुडालेला पगार ५ लाख ५८ हजार, कॉमीच्या वर्षात दर महिना साडेपंचेचाळीस हजार कमी म्हणजे ५ लाख ४६ हजार. ट्रेनिंगचे पंधरा हजार वजा करा. साडेसोळा लाख झाले की! आणि आजही बँकेपेक्षा १७ हजार कमीच मिळतात. हा आकडा काउन्सेलिंगला कोणीही सांगत नाही कारण त्यातला फक्त पहिला तुकडा त्यांच्या खिशात जातो. नवऱ्याची नोकरी आणि स्वतःचं घर नसतं तर मला हे झेपलंच नसतं, उगाच स्वप्नाबिप्नाच्या गप्पा मारत नाही.

मग जावं का? बावीसच्या आत असाल तर मला विचारूच नका, दादरला चौकशी करा. केकचा घरगुती धंदा वाढवायचा असेल तर एवढा मोठा डिप्लोमा नको, आठ-दहा दिवसांचे छोटे वर्कशॉप करा, क्रॉफर्ड मार्केटला जाऊन सामानाचे होलसेल भाव लिहून आणा आणि मटाराचा हिशोब तेवढा शिका. आणि नोकरी सोडून या लाइनला यायचं असेल तर फी भरायच्या आधी कुठल्याही चालू किचनमध्ये पंधरा दिवस, ब्रेक शिफ्टसकट, उभे राहा. रजा टाकून राहा. बँकेतल्या माझ्या एका जुन्या कलीगला मी हेच सांगितलं, तो आमच्या किचनमध्ये शनिवारी पहाटे आला, हौसेने नवीन अॅप्रन घालून. साडेअकराला म्हणाला जरा फोन करून येतो. अॅप्रन अजून आमच्या लॉकरमध्ये आहे, कोणाला हवा असेल तर सांगा, एकदाच वापरलाय.

राहता राहिलं डिपॉझिट. दहा हजार, रिफंडेबल, कोर्स संपल्यावर ४५ दिवसांत. सात मेल, तीन चकरा, दर वेळी अकाउंट्सवाले मॅडम रजेवर. गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला, गोड आवाज, मॅम आमचा ओपन डे आहे, तुम्ही सक्सेस स्टोरी म्हणून दहा मिनिटं बोलाल का, तुमचा फोटोही भिंतीवर लावतोय. मी म्हटलं नक्की येते, डिपॉझिट जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी येते. "हो मॅम, चेक करून कळवते," म्हणाली.

फोटो लावलाय म्हणे भिंतीवर. पैसे नाही आलेत.